खंबाभर मध

माझ्या चुलीशेजारच्या फळीवर दारूची बाटली होती, हे आधीच सांगून टाकते. ज्यांना नाक मुरडायचं त्यांनी इथंच मुरडून घ्यावं, पुढं वेळ जायला नको. साडेसातशेची बाटली, आमच्याकडं तिला खंबा म्हणतात. आतली दारू नवऱ्यानं संपवली, दारूनं नवऱ्याला संपवलं, आणि बाटली माझ्याकडं राहिली. तिघांत तीच कामाची निघाली.

त्या खंब्यानं मी पंचवीस वर्षं मध मोजला. माझा दीर काळ्या दर चैत्रात कड्यावर चढून आग्या माश्यांचं पोळं उतरवतो. मध गाळून मी खंब्यात भरायची आणि तलासरीच्या बाजारात चिमणशेठच्या दुकानी न्यायची. शेठ हुशार. एका पारड्यात माझी भरलेली बाटली ठेवायचा, दुसऱ्यात किलोचं वजन आणि त्याच्या शेजारी एक रिकामा खंबा, म्हणजे काचेला काच कटली. पारडी समोरासमोर आली की मध कुठवर असायचा? बाटलीचे खांदे संपून जिथं मान सुरू होते तिथवर. दर साली तिथंच. शेवटी मी कानस घेऊन त्या जागी रेघ मारली. रेघेपर्यंत मध म्हणजे एक किलो. माझी शाळा दुसरीपर्यंत, पण ही रेघ मला अंधारातही वाचता येते.

खंब्यांना आमच्याकडं तोटा नाही. पलीकडं गुजरातेत दारूबंदी, म्हणून पलीकडची माणसं बंदी पाळून पाळून दमली की विसाव्याला इकडं येतात. बाटली परत न्यायची तर नाक्यावर पोलीस. मग ती आमच्या शेताच्या बांधावर ठेवून जातात. चारोटीपासून तलासरीपर्यंत हायवेच्या कडेनं चालत गेलं तर एका दिवसात दुकान मांडता येईल.

मधाचे नाचणी लाडू मी याच मापानं करते. भाजलेलं नाचणीचं पीठ दोन किलो, शेंगदाण्याचा कूट अर्धा किलो, आणि रेघेपर्यंत मध. लाडू असा घट्ट वळतो की विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेत भिंतीवर मारला तर भिंत बघावी लागेल.

पालघर जिल्हा होऊन तीन वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. आमच्या पाड्यावर बचत गट निघाला आणि माझी सून संगिता अध्यक्ष झाली. सून अध्यक्ष, सासू सभासद. असा दिवस दाखवल्याबद्दल सरकारचे आभार.

पण मी त्या गटाच्या वाईटावर नव्हते, ते का, हेही सांगते. दर दिवाळीनंतर संगिता आणि माझा मुलगा प्रविण वीटभट्टीवर जायचे, जोडीनं. भट्टीवर एकटं माणूस घेत नाहीत, नवराबायको मिळून एक जोडी मोजतात. बरोबर नात मालू जायची. पाऊस लागायच्या आधी परत यायचे, तोवर मालूच्या वर्गातली पोरं पुस्तक संपवून बसलेली असायची. त्या साली तलासरीच्या मुलींच्या वसतिगृहाला रोज सकाळच्या खाण्याला लाडू हवे होते. आमच्या गटाचे लाडू पास झाले तर संगिताला बारा महिने काम. संगिता थांबली की प्रविण घोलवडच्या चिकूवाडीत तोडणीला जाऊन संध्याकाळी घरी येऊ शकत होता. मालूची शाळा राहणार होती. आणि माझ्या घरात सहा महिने कोंबड्यांशी भांडण्यापेक्षा सुनेशी भांडता येणार होतं. कोंबड्या उलट बोलत नाहीत, मजा येत नाही.

गटाला शिकवायला क्रांती मॅडम यायच्या. पोरगी वाईट नव्हती, पण तिला कागदाशिवाय काही दिसायचं नाही. पहिल्याच दिवशी माझ्या घरी लाडू खाल्ले, डोळे मिटले, आणि म्हणाली, "आजी, कसे केले सांगा." मी सांगितलं. तिनं लिहून घेतलं. आठ दिवसांनी ते कागदावर छापून आलं. वर तिचा फोटो, खाली मोठ्या अक्षरात "पौष्टिक नाचणी-मध लाडू, संकल्पना: क्रांती मॅडम". मालूनं वाचून दाखवलं. माझ्या रेघेचं तिथं "मध: एक किलो" झालं होतं. तेवढं खरं होतं, म्हणून मी सोडून दिलं.

तो कागद आला त्याच दिवशी मॅडमला फळीवरचा खंबा दिसला.

"आजी, हे काय?"

"मधाचं माप."

"ही दारूची बाटली आहे!"

"होती. आता तिनं सोडली."

बाया हसल्या. मॅडम हसली नाही. म्हणाली, "आपण दोन ऑक्टोबरला दारूबंदीचा ठराव करतोय. पेपरात फोटो येणार. आणि ज्या घरात गटाचं काम चालतं तिथं खंबा? संगिताताई, तुम्ही अध्यक्ष आहात ना?"

मग पिशवीतून तिनं प्लास्टिकचा एक मोठा मग काढला. बाजूला लाल रेघा, आकडे. सगळ्यात वरची रेघ एक लिटरची. म्हणाली, "आता सगळं शास्त्रीय पद्धतीनं."

संगितानं मग फिरवून बघितला. माझी सून आहे, प्रश्न बरोबर विचारते. "मॅडम, यात किलोची रेघ कुठली?"

"एक लिटर म्हणजेच एक किलो. सोपं आहे. शाळेत शिकवतात."

"शाळेत पाणी मोजायला शिकवत असतील," मी म्हटलं. "मध जड असतो. पाण्याच्या हंड्यात थेंब सोडून बघा, सरळ तळाला जाऊन बसतो. मग भरून घेतलात तर किलोच्या पुढं जाईल."

"आजी, हे शास्त्र आहे," मॅडम म्हणाली, लहान पोराला म्हणतात तशी.

आणि संगिता, वीस बायांच्या समोर, मला म्हणाली, "आये, तू जरा गप राहा."

मी गप राहिले. मला गप राहा म्हणणारं माणूस पाड्यात नवीनच होतं, म्हणून मी नीट गप राहिले.

दोन ऑक्टोबरला पंचायतीसमोर बाटल्या फोडायच्या होत्या. सकाळी संगिता आली, माझ्याकडं न बघता म्हणाली, "आये, खंबा." मी आत गेले, माझा खंबा भाताच्या कणगीत पुरला, मागच्या दारानं बांधावर जाऊन दुसरा उचलला आणि तिच्या हातात दिला. तिनं तो फोडला तेव्हा तिचा हात जरा थांबला, हे मी बघितलं. फोटो सात निघाले. पेपरात एकही आला नाही. काचा मात्र अजून पंचायतीसमोर पायात जातात.

दिवाळी झाली. वसतिगृहाची परीक्षा शनिवारी होती. डहाणूहून मोठे साहेब येणार, त्यांच्या डोळ्यांदेखत छापील कागदाप्रमाणे लाडू करून दाखवायचे. लाडू डब्यात एकमेकांना चिकटता कामा नयेत, बसता कामा नयेत. म्हणून गुरुवारी आमच्या अंगणात सराव झाला. पीठ दोन किलो, कूट अर्धा किलो, दोन्ही चिमणशेठकडून तोलून आणलेलं. आणि मध? मग एक लिटरच्या लाल रेघेपर्यंत.

वळले तेव्हा ते लाडू होते. मी एक पान खाऊन होईपर्यंत त्यांच्या पुऱ्या झाल्या. दुसरं पान खाल्लं तोवर सगळ्यांनी हातात हात घातले आणि परातीत एकच शेणी थापली गेली. संगितानं आणखी पीठ घातलं तर मॅडम ओरडली, "कागदात नाही ते घालू नका!"

मॅडमनं उरलेल्या मधात बोट बुडवून चाटलं. मग म्हणाली, "मध पातळ आहे. भेसळीचा आहे. मला तसं अहवालात लिहावं लागेल."

माझा दीर काळ्या पायरीवर बसला होता. चैत्रात माशीनं डोळ्याला दंश केला तेव्हापासून त्याचा एक डोळा अर्धा मिटलेलाच असतो. तो मॅडमकडं अर्ध्या डोळ्यानं बघत राहिला. उठून मला म्हणाला, "वयनी, मी निघतो." एवढंच.

आता मला माहीत होतं लाडू का बसले. सांगायला किती वेळ लागला असता? सुपारी फोडायला लागतो तेवढा. पण मला गप राहायला सांगितलं होतं, आणि मी वाट बघत होते की अध्यक्षबाई येऊन विचारतील. अध्यक्षबाई काही आल्या नाहीत. आमच्या घरात ताठ मानेची कमतरता कधीच नव्हती, आता तर दोन-दोन होत्या.

तेवढ्यात संगिता मॅडमला म्हणाली, "मधाचं लिहू नका. काळूकाकाच्या मधात खोट नाही. तो जीव टांगून काढतो तो मध. तुम्हाला लिहायचंच असेल तर असं लिहा की संगिताला मोजता येत नाही."

"पण ताई, तसं लिहिलं तर तुमचं काम जाईल."

"जाऊ दे. लिहा."

मी चुलीपुढं बसले होते. लाकूड आत सारायचं सोडून हातातच धरून बसले, ते पेटत बोटापर्यंत आलं.

संध्याकाळी मुकादम गणू आला. भट्टीवर जाणाऱ्या जोड्यांची नावं लिहायला वही घेऊन फिरतो तो. "काय संगिता, जोडी लिहू ना? सोमवारी टेम्पो निघतो."

"रविवारी सांगते."

"रविवारी जागा राहील नाहीतर नाही."

"राहील," संगिता म्हणाली. "टेम्पोत माणसं कोंबायची कला तुझी आहे."

तो गेला. संगितानं गोणी काढली आणि त्यात तवा ठेवला. भट्टीवर जाताना आमच्याकडं सगळ्यात आधी तवा भरतात. तवा गोणीत गेला म्हणजे माणूस मनानं निघालं. तव्याखाली तिनं मालूची दोन पुस्तकं सारली, वाकणार नाहीत अशी.

शनिवारी संगिता आणि बाया सकाळच्या एसटीनं गेल्या. मी नंतर कणगी उकरून खंबा काढला, राखेनं घासला, धुतला, उन्हात सुकवला. टोपलीत ठेवला, वर भाजीचा पाला टाकला, आणि जीपमध्ये बसले. शेजारचा माणूस विचारतो, "आजी, टोपलीत काय?" मी म्हटलं, "नवऱ्याची आठवण." त्यानं सरकून टोपलीला जागा करून दिली.

वसतिगृहाच्या फाटकावर वॉचमन. "भेटायचा दिवस रविवार, आजी."

"मला कोणाला भेटायचं नाही. मला मोजायचंय."

त्याला काय करावं कळेना, तोवर मी आत.

स्वयंपाकघरात साहेब खुर्चीवर बसले होते. पोट मांडीवर, फाइल पोटावर. टेबलावर लाडू तोलायला लाल आकड्यांचा विजेचा काटा. बाया भिंतीला टेकून ओळीत उभ्या, जशा काही लस टोचून घ्यायला आल्यात. संगिता परातीपाशी बसलेली, तिच्या हातात मग, मगात मध लाल रेघेपर्यंत. ओतणारच होती.

"थांब," मी म्हटलं.

"आये! तू इथं कशी?"

"जीपनं. साहेब, तो मग त्या काट्यावर ठेवा."

मॅडम पुढं झाली. "सर, या संगिताताईंच्या सासूबाई. जरा..." आणि कपाळाजवळ हात नेला.

साहेब म्हणाले, "बाई, काटा लाडवांसाठी आहे."

"लाडू झाले तर तोलाल ना? आधी हा तोला."

तिथली स्वयंपाकीण भिकी माझ्या माहेरच्या पाड्याची निघाली. तिनं साहेबांना विचारायच्या आत असाच दुसरा रिकामा मग काट्यावर ठेवला, बटण दाबून आकडा शून्यावर आणला, तो काढला आणि मधाचा ठेवला. मॅडमनं आकडा वाचला, पदर सारखा केला, पुन्हा वाचला. भिकीनं मोठ्यानं वाचलं, "एक किलो तीनशे पंच्याऐंशी!"

"मशीन बिघडलंय," मॅडम म्हणाली.

साहेब ताडकन सरळ झाले. "बिघडलं? मागच्या महिन्यात माझ्या सहीनं आलंय ते!"

आता साहेबांची इज्जत काट्यावर चढली. त्यांनी स्वतः उठून दुसऱ्या मगात एक लिटर पाणी भरलं, वाकून, एक डोळा मिटून रेघ बघितली, दोन थेंब काढले, एक थेंब घातला. ठेवलं. बरोबर एक किलो. एक ग्रॅम इकडं नाही, तिकडं नाही.

"मशीन बरोबर आहे," साहेब म्हणाले, जणू मुलगा पास झाला.

"पाणीही बरोबर आहे," मी म्हटलं. "मधही बरोबर आहे. काळ्याचा मध तीनशे पंच्याऐंशीनं जड आहे, ही त्याची भेसळ. चुकीचा तेवढा कागद आहे, पण तो काट्यावर ठेवून उपयोग नाही, त्याला वजनच नाही."

बायांच्या ओळीत कोणीतरी खुदकन हसलं. मॅडमचे कान लाल झाले.

साहेबांनी विचारलं, "मग एक किलो मध मोजायचा कसा?"

मी टोपलीतला पाला बाजूला केला आणि खंबा काढून टेबलावर ठेवला.

साहेब उभे राहिले. मॅडम किंचाळली, "मुलींच्या वसतिगृहात दारूची बाटली!" वॉचमन दारातून बघायला आला, आणि बाटली रिकामी बघून परत गेला. संगिता मात्र खंब्याच्या रेघेकडं बघत होती.

"आये, हा तर फुटला होता."

"फुटला तो बांधावरचा. हा घरचा."

मी कोणाला विचारलं नाही. मगातला मध खंब्यात ओतला, सावकाश, मध घाई केली तर ऐकत नाही. रेघ आली तशी थांबले. तो मध पातेल्यात उपडा केला, बाटली पालथी धरून शेवटची तार तुटेपर्यंत उभी राहिले. भिकीनं पातेल्याचं वजन आधीच वजा करून ठेवलं होतं. आकडा आला नऊशे पंच्याण्णव. आणि काटा टिंगटिंग वाजून बंद पडला. त्याचं चार्जिंग संपलं होतं.

भिकी म्हणाली, "रोजचंच आहे साहेब. लाइट गेली की हा आंधळा होतो. आणि सकाळी लाडू करायच्या वेळेला लाइट कधी असते?"

साहेबांनी बाटलीकडं बघितलं, काट्याकडं बघितलं, मग फाइलकडं. त्यांची अडचण मला दिसत होती. काटा सहीनं आला होता पण चालत नव्हता, खंबा चालत होता पण त्याच्यावर सही कोण करणार? शेवटी म्हणाले, "हे कागदावर येता कामा नये. याचं मिलिलिटरमध्ये किती होतं ते काढा."

मगात उरलेला मध भिकीनं वाटीत काढला आणि पातेल्यातला मध परत मगात ओतला. सातशेच्या रेघेच्या वर, जरासा. साहेबांनी पुन्हा एक डोळा मिटला. "सातशे वीस. लिहा, मॅडम. मध एक किलो, म्हणजे सातशे वीस मिली."

मॅडमनं लिहिलं. लिहिता लिहिता म्हणाली, "ते घनतेचं माझ्या लक्षात होतंच, सर."

संगितानं मग हातात घेतला, फिरवला. "मॅडम, सातशेची रेघ आहे, आठशेची आहे. सातशे वीसची कुठंय?"

मग मॅडमनं पर्समधून नखाचा रंग काढला आणि मगावर गुलाबी रेघ मारली. आता ती शास्त्रीय झाली. आठ दिवस राखेनं घासल्यावर ती रेघ गेली, आणि संगितानं माझ्या खंब्याला जुन्या पातळाचा अंगरखा शिवून तो वसतिगृहाच्या फळीवर ठेवला, म्हणजे आल्यागेल्याला आतलं काही दिसत नाही. पण हे पुढचं.

त्या दिवशी लाडू वळले ते वळलेच राहिले. साहेबांनी तपासणीसाठी एक खाल्ला, दुसरा खात्रीसाठी, तिसरा आणि चौथा कशासाठी ते फाइलमध्ये नाही. मग पाचवा घेऊन टेबलावर आपटून बघितला. टेबल हललं. सही केली.

परतीच्या जीपमध्ये संगिता माझ्या शेजारी बसली. टोपली तिच्या मांडीवर. घोलवडकडचा चिकूचा टेम्पो आमच्यापुढं चालला होता, त्याचा गोड वास येत होता, आणि प्रविण तिथं कामाला लागला की शर्टाला रोज हाच वास येईल, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

घरी आल्यावर तिनं गोणी उघडली. तवा काढला. खालची पुस्तकं काढून मालूला हाक मारली. मग तवा हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"आये, तुला गुरुवारीच माहीत होतं ना?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तूच म्हणालीस गप राहा."

"आणि आज बोल म्हणून कोणी सांगितलं?"

मी तिच्या हातातला तवा ओढून घेतला, चुलीवर ठेवला आणि म्हटलं, "दोन दिवस गोणीत ठेवून गंज चढवलास. अध्यक्ष आहेस ना? घास आता."

तिनं घासला. भाकरी टाकली. दुसऱ्या दिवशी गणू वही घेऊन आला तेव्हा ती अंगणात लाडवांसाठी नाचणी निवडत बसली होती. त्यानं विचारलं, "जोडी लिहू ना?"

संगितानं मान वर केली नाही. माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "तिला विचार. घरातली मापं तिच्याकडं असतात."

गणूनं माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं, "आमची जोडी यंदा घरात आहे. वही मीट."